आयत्या वेळचा विषय

आमच्या भागात पोर बोलायला लागलं की आधी आई म्हणतं, मग पप्पा म्हणतं आणि त्यानंतर थेट 'मंजूर' म्हणतं. साखर कारखान्याची वार्षिक सभा ज्यानं पाहिलेली नाही, त्याला हे खोटं वाटेल. मांडव भरलेला असतो, टोप्या हलत असतात, व्यासपीठावरून कुणीतरी विषय वाचायला लागतो. त्याचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत मागून गजर होतो, मंजूर, मंजूर. विषय काय होता हे विचारायला कुणी थांबत नाही. सगळ्यात शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय येतात. जे आधी कागदावर छापायची लाज वाटते, ते त्यात असतं. तेही मंजूर होतं आणि लोक जेवायला उठतात.

लग्न होऊन इथं आले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं. आता येत नाही. माझ्या मुलीनं कुठल्या देवापुढं हात जोडायचे हा प्रश्न शाळेच्या पालकसभेत असाच आयत्या वेळी आला आणि असाच मंजूर झाला. त्याला आता बरेच दिवस झाले, पण राग अजून तसाच आहे. तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही.

मी वकील आहे. इंदापूरच्या कोर्टात वाटणीचे दावे, बांधाची भांडणं, पोटगी असलं सगळं चालवते. घर सणसर आणि लासुर्ण्याच्या मधल्या एका वस्तीवर, चारी बाजूंनी ऊस. माहेर नीरेच्या पलीकडं, फलटणच्या बाजूचं. माहेरचे लोक महानुभाव पंथातले. तिथं घरात गणपती बसत नाही, घट बसत नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसाद कुणी तोंडात घालत नाही. त्यासाठी कुणाशी भांडण नाही, कुणाच्या देवाला नावं ठेवणं नाही. आपण घ्यायचा नाही, एवढंच. सासरी आले तर इथं देवांची नुसती रांग. मी सगळं केलं. गौरी उभ्या केल्या, खंडोबाची तळी भरली, भैरोबाला नारळ दिला. खरं सांगायचं तर माझ्या मनात तोवर कुठलाच देव फारसा उरला नव्हता, त्यामुळं हात जोडायला मला कधी जड गेलं नाही.

मुलीचं तसं नाही. ती सुट्टीत आजोळी राहायची. सातवीच्या सुट्टीत तिनं तिथल्या मठात उपदेश घेतला, म्हणजे रीतसर पंथात आली. मला विचारलं नाही, आल्यावर सांगितलं. मी म्हटलं, "कळतंय का तुला काय केलंस ते?" ती म्हणाली, "कळतंय. न कळता कसं केलं असतं?" त्या दिवसापासून ती सकाळी लवकर उठून नाव घेत बसते. घरात नैवेद्य झाला की गाजावाजा न करता वेगळ्या पातेल्यातलं वाढून घेते. माझे यजमान हसले. म्हणाले, "चार दिसाचं खूळ हाय, जाईल." माझ्या थोरल्या दिरांना घरातच काय, सगळ्या गावात तात्या म्हणतात. ते म्हणाले, "पोरगी आजोळावर गेली." आमच्याकडं हे कौतुकानं म्हणत नाहीत.

आता शाळेचं सांगते. पाचवी ते दहावी, एका संस्थेची, पण मास्तरांचे पगार सरकारचे. म्हणजे अनुदानित. संस्थेच्या अध्यक्षांनी आईच्या स्मरणार्थ खो-खोच्या मैदानात गणपतीचं देऊळ बांधलं. खो-खोचं मैदान मुताऱ्यांच्या मागं गेलं. देऊळ झालं म्हणून मंगळवारची आरती सुरू झाली, आरती झाली म्हणून खडीसाखर-खोबऱ्याचा प्रसाद सुरू झाला. पहिल्या तासाच्या आधी सगळ्या शाळेनं देवळापुढच्या शेडमध्ये बसायचं आणि हात जोडून म्हणायचं.

माझी मुलगी बसायची. हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. प्रसाद आला की वाटणाऱ्या सरांना म्हणायची, "सर, मला नको." का नको ते विचारल्यावर तिनं सांगितलं. सर हसले. पुढच्या मंगळवारी त्यांनी तिची मूठ उघडून प्रसाद हातावर ठेवला. तिनं तो शेजारच्या मुलीला दिला. टाकला नाही, फेकला नाही, शेजारणीच्या हातावर नीट ठेवला. पण सगळ्यांच्या देखत ठेवला. सरांना तो अपमान वाटला. म्हणाले, "तुला देवाजवळ बसायचं नाही ना? मग बाहेर बस. चपला राख." शेडबाहेर काढलेल्या चपला कुत्री पळवायची, तेव्हा राखायला कुणीतरी हवंच होतं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं घरी अवाक्षर काढलं नाही. एका मंगळवारी ती डबा विसरून गेली आणि कोर्टात न्यायाधीश रजेवर होते, म्हणून मी गाडी काढून डबा द्यायला गेले. आत सगळी शाळा टाळ्या वाजवत होती आणि माझी मुलगी चपलांच्या ढिगाजवळ पायरीवर बसून भूमितीचं पुस्तक वाचत होती. मला बघून म्हणाली, "डबा ना? ठेव हितं." जणू रोजचंच.

आरती संपली. पोरं धावत आली. एक जण म्हणाला, "ए राखण, माझी दुसरी कुठंय?" तिनं ती उचलून दिली. सगळ्यांच्या पायात चपला जाईपर्यंत तिला उठायची मुभा नव्हती. तोवर गणिताचा तास सुरू झालेला असायचा. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासनं." माझ्या पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. मला फक्त कुणाला तरी कानफटात मारावंसं वाटलं. ते मारता येत नाही म्हणून मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

मुख्याध्यापक गोड माणूस. चहा मागवला. मी म्हटलं, "चहा राहू द्या. माझ्या मुलीला चपला राखायला कुणी बसवलं?"

ते म्हणाले, "मॅडम, शिक्षा नाही ती. सेवा आहे. आपल्यात चपला सांभाळणं कमीपणाचं मानत नाहीत."

"मग आळीपाळीनं बसवा. एका मंगळवारी तुम्ही बसा."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांना संविधानाचा अनुच्छेद अठ्ठावीस सांगितला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. त्याची स्वतःची संमती लागते, आणि तो लहान असेल तर त्याच्या पालकांची. याला अपवाद नाही. संस्थेनं देऊळ बांधलं असलं तरी नाही.

"उपासना कुठाय मॅडम? संस्कार आहेत हे. गणपती विद्येचा देव. आणि तुम्ही काय परधर्माचे आहात का? हिंदूच ना?"

"हिंदू असेन नाहीतर नसेन. सक्ती करायची नाही म्हटल्यावर आपल्याच माणसावर केलेली चालते असं कुठं लिहिलंय?"

"बरं, तुमचं मान्य. संमती लागते. पण संमती आहे ना." ते खुर्चीत मागं रेलले. "पालकसभेत ठराव झालाय. आयत्या वेळच्या विषयात घेतला होता. एकमतानं मंजूर."

मी म्हटलं, संमती ही काय गावकीची गोष्ट आहे? उद्या पालकसभेनं ठराव केला की तुमच्या रानातला ऊस तोडून न्यायचा, तर तुम्ही ट्रॉली लावू द्याल? ज्याचा हक्क त्याची संमती. पंचविसाव्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य म्हणून जे दिलंय, ते एकेका माणसाला दिलंय. ते हात वर करून मोजायचं नसतं. उलट शंभर जण एका बाजूला आणि एक जण एका बाजूला असेल, तेव्हा त्या एकासाठीच ते लिहून ठेवलंय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे खिशातून मोबाईल काढला. "बरोबर आहे तुमचं. ज्याची त्याची संमती. मग हे बघा." पालकांच्या ग्रुपवरचा व्हिडिओ होता. मुख्याध्यापक वाचतायत, मंगळवारच्या आरतीस सर्व विद्यार्थ्यांनी सक्तीने... आणि पुढचं वाक्य यायच्या आत गजर झाला. पुढच्या रांगेत, हात वर करून, सगळ्यात मोठ्यानं मंजूर म्हणणारा माणूस माझा नवरा होता.

मी त्यांचा मोबाईल टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

संध्याकाळी गोठ्यात गेले. यजमान धार काढत होते, तात्या वैरण टाकत होते. मी विचारलं, "पालकसभेत तुम्ही कशाला मंजूर म्हणालात?"

ते म्हणाले, "कवा?"

"आरतीच्या ठरावाला."

त्यांना आठवेना. खरोखर आठवेना, ढोंग नव्हतं. म्हणाले, "आगं, समदीच म्हणत व्हती. मला वाटलं गॅदरिंगचं काय तरी आसंल."

"पोरगी मंगळवारी चपला राखत बसते. तुमच्या त्या मंजूरवर."

त्यांचा हात थांबला. पण बोलले तात्या. तात्या माझ्याशी सरळ बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांची रीत. मग मी पुढ्यात उभी असले तरी ते भावाला सांगतात. कधीकधी म्हशीलाही सांगतात. त्या दिवशी म्हणाले, "वकीलबाईस्नी सांग, बापानं हू म्हणलं, इषय संपला. पोरीला देव बापाचा आसतोय. आईच्या माहेरचा नसतोय."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, पोरीला देव पोरीचा असतो."

"तेरा वर्साची पोर. तिला काय कळतंय?"

"तेराव्या वर्षी दहा जणांच्या भाकरी थापायला लावता तिला, तेव्हा कळतं. रानात पाण्याची पाळी बघायला पाठवता, तेव्हा कळतं. देवाचं तेवढं कळत नाही."

तात्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "सांग तिला, लोकात तोंड दावायला जागा ठिव म्हणावं." आणि निघून गेले. यजमान धारेला लागले. त्यांच्या गप्प बसण्याचा मला त्या दिवशी जेवढा संताप आला, तेवढा तात्यांच्या बोलण्याचाही आला नाही. तात्या निदान बाजू तरी घेतात.

दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत मी हा प्रश्न काढला, माझा म्हणून नाही, एका पक्षकाराचा म्हणून. काय चर्चा रंगली म्हणता. एक म्हणाले, प्रसाद न खाणं ही त्या पंथाची अत्यावश्यक प्रथा आहे का, हे आधी सिद्ध करावं लागेल. दुसरे म्हणाले, नैसर्गिक पालक बाप, त्यानं जाहीर संमती दिलीय, आईला बोलायचा अधिकार काय? मी म्हटलं, बापाच्या हयातीतही आई पालक असू शकते हे सर्वोच्च न्यायालयानं केव्हाच सांगितलंय. ते म्हणाले, हो, पण इथं बाप हजर आहे आणि हो म्हणतोय, मग दोघांचं पटत नसेल तर काय? यावर तिसऱ्यानं भजी मागवली. तासभर बाप, आई, शाळा, सरकार, पंथ असं सगळ्यांच्या अधिकाराचं माप घेऊन झालं. मी विचारलं, "आणि मुलीचं काय?" तर सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "मुलगी अज्ञान आहे हो." आमच्या कायद्याच्या मराठीत अठराच्या खालच्या माणसाला अज्ञान म्हणतात. मी आजवर शेकडो दाव्यांत हा शब्द टाईप केला असेल. त्या दिवशी मी भजी तशीच ठेवून उठले.

घरी मी कायदा बोलायचा सोडला. यजमानांना एवढंच म्हटलं, "येत्या मंगळवारी डेअरीत दूध घालून येताना शाळेवरून या. आत जाऊ नका, कुणाशी भांडू नका. नुसतं बघा."

ते गेले. काय झालं ते मला मुलीकडून कळलं. ते गाडी लावून आले, पायरीवर तिच्या शेजारी बसले. रिकामी किटली पायाशी. आत आरती चालली होती आणि हा माणूस, ज्यानं जन्मात कधी आरती चुकवली नाही, तो बाहेर बसून होता. पोरं बाहेर आली, तेव्हा यांनीच दोन-चार जणांना चपला काढून दिल्या. एका पोरानं विचारलं, "काका, तुमाला पण बसवलंय?" ते म्हणाले, "व्हय." मग तिला म्हणाले, "तू जा तासाला." ती उठली आणि हे मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

"काय म्हणालात?" मी संध्याकाळी विचारलं.

"म्हणलं, सर, मंजूर म्हणायची आमाला सवय हाय. कारखान्यात म्हणतो, सोसायटीत म्हणतो, तितं बी म्हणलो. तेला संमती धरू नगा. पोरीला बसवायचं न्हाय."

"मग?"

"मग लिवून द्या म्हणले. दिलं."

एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि हे त्यांना सांगायचंही मला सुचलं नाही. मी म्हटलं, "जेवायला बसा."

तर आम्ही जिंकलो. मंगळवारी मुलीनं वर्गात बसून अभ्यास करायचा, असं ठरलं. चिडवणं थांबलं नाही, पण चपला सुटल्या. मला वाटलं, संपलं. वाटण्यात मी पुष्कळदा चुकते.

आठवीचा निकाल लागला, सुट्ट्या संपत आल्या. नववीची पुस्तकं कधी मिळणार म्हणून मी शाळेत गेले, तर कारकून म्हणाला, "दाखला तर नेला की तुमच्यांनी."

तात्यांनी नेला होता. मुलगी शाळा सोडत आहे, असं सांगून. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी काढून दिला होता. वाटणीच्या दाव्यात सात-बाराचा उतारा मिळवायला माझ्या पक्षकारांच्या चपला झिजतात आणि इथं मुलीचं शिक्षण तोडायचा कागद एका फेरीत. मी त्यांच्या खोलीत गेले. या वेळी त्यांनी चहा मागवला नाही.

"घरातले मोठे आले मॅडम. कर्ता माणूस. नाही कसं म्हणू? आपल्याकडं पद्धतच आहे."

"सही बापाची लागते. आईची लागते. चुलत्यानं कुठल्या अधिकारात दाखला नेला?"

"तुम्ही म्हणत असाल तर चूक झाली. पण एक सांगू का?" आणि तो गोड माणूस इतका गोड हसला, की मला ते हसू अजून दिसतं. "तुम्ही अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगितला, तेव्हा मी पुस्तक आणून वाचलं. एकवीस-अ पण वाचला. शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा. मुलीला चौदा पूर्ण झाली. आठवीही झाली. आता परत घ्यायची शाळेवर सक्ती नाही."

मीच शिकवलं होतं त्याला. आणि तो म्हणत होता त्यात खोट नव्हती. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. आपल्या राज्यघटनेनं मुलांना शिकवायचं वचन दिलं, पण चौदाव्या वर्षापर्यंत. म्हणजे पोरीला अक्षरं येतील, पाढे येतील, ती नीट विचार करायला लागेल, नको ते नको म्हणायला लागेल, नेमकं तेव्हा सरकारचा हात सुटतो आणि ती पुन्हा घरच्यांच्या ताब्यात जाते. ज्यांनी ही मर्यादा घातली, त्यांच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. आमच्या वस्तीवर तिचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे. इथल्या कितीतरी मुली आठवीनंतर दिसत नाहीत. लग्नाच्या मांडवात एकदम दिसतात.

घरी तात्या ओट्यावर बसले होते. या वेळी ते भावाला सांगत होते आणि भाऊ खरोखरच समोर होता. "शिकली तेवढी बास. लांबच्या शाळंत पाठवायची न्हाय. आत्ताच देव बदललाय, उद्या आनी काय बदलंल. घरात बसू दे, न्हायतर आजोळी दे पाठवून, तितल्या देवाला सांभाळू दे."

मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. ती रडत नव्हती. ती आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत होती, एस.टी.ची पाटी वाचतात तशी, कुठली गाडी आपली ते बघत.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात यजमान म्हणाले, "तात्या, दाखला द्या."

"कशाला?"

"बारामतीला नाव घालायचंय."

तात्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. आमच्या घरात उसाची नोंद तात्यांच्या नावानं, मत कुणाला ते तात्यांनी सांगायचं, माझ्या लग्नाची तारीखही तात्यांनीच धरलेली. या भावानं त्यांच्यापुढं कधी हात पसरून काही मागितलं नव्हतं, कारण मागायच्या आत ठरलेलं असायचं. आता हात पुढं करून उभा होता आणि हात मागं घेत नव्हता. तात्या आत गेले, दाखला आणला आणि ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही. म्हणाले, "उद्या पोरगी हातची गेली, तर माझ्या दारात यायचं न्हाय."

"न्हाय येत," यजमान म्हणाले.

तेव्हापासून तात्या आमच्याशी बोलत नाहीत. मुलीशी तर नाहीच. एकाच अंगणात राहतो, एकाच विहिरीवरून पाणी घेतो. सुरुवातीला मला वाटायचं, बरं झालं, ब्याद टळली. पण यजमान संध्याकाळी गोठ्यात एकटेच असतात तेव्हा वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की पुन्हा राग येतो. एका मुलीनं खडीसाखर घेतली नाही, त्याची एवढी किंमत का पडावी?

मुलगी आता बारामतीच्या शाळेत नववीला आहे. सकाळी एस.टी.नं जाते, दिवस मावळायला येते. श्रावणात एके दिवशी भाकरी खाता खाता म्हणाली, "शाळेत सत्यनारायण हाय. आमच्या वर्गाकडं आलाय. सगळ्यांनी पूजेला बसायचंय."

मी ताटावरून उठलेच. "उद्या मी येते. कोण बाई आहेत तुमच्या?"

"तू येऊ नको."

"का?"

"मागच्या येळी तू सरांशी बोललीस. पप्पा बोलले. तात्या बोलले. पालक कोण, पालक कोण म्हणून सगळी भांडलात. मला कुणी इचारलंच न्हाय." ती हे रागानं म्हणाली नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "मी आज माझं सांगितलं बाईंना. मला बसायचं न्हाय, मी डबे वाढीन, झाडलोट करीन, पण पूजा न्हाय करणार."

"मग? काय म्हणाल्या?"

"चांगल्या हायेत बाई. ऐकून घेतलं. म्हणाल्या, ठीक हाय. पालकांची चिठ्ठी घिऊन ये."

मी खाली बसले. मग तिनं हात धुतले, दप्तरातून वही काढली, एक पान फाडून माझ्यापुढं ठेवलं. मी नेहमीप्रमाणं सुरुवात केली. मी खाली सही करणार पालक, माझ्या पाल्यास पूजेस बसवण्यास माझी संमती नाही.

तिनं वाचलं आणि म्हणाली, "हे खोड."

"काय चुकलं?"

"तुझ्या संमतीचं न्हाय हे. मी सांगते तसं लिही."

मी खोडलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. माझ्या मुलीला पूजेला बसायचं नाही. हे तिनं स्वतः ठरवलं आहे. आम्हाला विचारून ठरवलेलं नाही. चिठ्ठी मागितली म्हणून देत आहे.

कायद्यात असल्या चिठ्ठीला काडीचा अर्थ नाही. अज्ञान मुलीचं म्हणणं आईनं लिहून दिलेलं, त्यात आईची संमती आहे की नाही हेही धड सांगितलेलं नाही. एखाद्या पक्षकारानं असं काही लिहून आणलं असतं, तर मी त्याला ओरडून परत पाठवलं असतं. मी खाली सही केली.